हळदीचं गाणं उभ्या चौकटीत मावेना

मंडळी, आज नवापूरला हळदीच्या शूटिंगला गेले होते. एकटीच. हल्ली लोकांना लग्नाच्या फिल्मपेक्षा रील हवी असते, त्यात मदतनीस परवडत नाही.

नवरीच्या आईने आल्याआल्या सांगितलं, "धवलारणीचं गाणं अख्खं घे गो. पोर सासरी गेली का मी तेच ऐकन." धवलारीण म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई. मी कॅमेरा आडवा लावून पूर्ण गाणं घेतलं.

मग नवरीचा भाऊ आला. "रीलसाठी उभा व्हिडिओ कुठाय? मावशी, परत म्हणा ना!"

धवलारीण म्हणाली, "परत म्हटलं त परत हळद लावावी लागल. नवरा दुसरा आणतोस काय रं?"

मांडव हसला. मी हसू दाबलं, कारण घिवली गावातल्या पुढच्या लग्नाचं काम याच भावाच्या शब्दावर मिळणार होतं.

घरी येऊन आडव्यातूनच रील कापली. नवरी मावली, धवलारीण चौकटीबाहेर गेली. भावाला फोन करून सांगितलं, "घिवलीला बाकी सगळं उभं घेईन. विधीचं गाणं मात्र आडवंच आणि अख्खं."

"बघतो," म्हणाला.

हा माझा हट्ट वाटतो का तुम्हाला? खरं सांगा.