मावळे, गलबतं आणि खुसपटं

खुसपट काढणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. तो आल्या आल्या काही बोलत नाही. हात मागे बांधतो, वाकतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, "छान आहे हं." त्या 'हं'नंतर जे येतं ते खुसपट. माझ्या तरुणपणातले बरेच रविवार आणि दोन दिवाळ्या अशा लोकांना तोंड देण्यात गेल्या, आणि सांगायला हरकत नाही, त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीहून ठाण्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून जायचो. तिथल्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करतात त्या खात्यात, माझा मित्र होता. राहायला ठाकुर्लीला. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर खूप. पण हातात पटाशी आली की विचारू नका! त्याला एकदा रद्दीच्या दुकानात एक जुनं इंग्रजी मासिक सापडलेलं. त्यात साहेब लोक टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून, फासे टाकून, जुन्या लढाया पुन्हा लढत होते. ते मासिक त्याने जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "आपले मावळे करू या?"

झालं. तो लाकडाच्या तुकड्यांतून मावळे कोरायला लागला, रंगवायला लागला आणि मी शंभर पानी वहीत नियम लिहायला लागलो. घोडदळ एका फेरीत नऊ इंच, पायदळ चार, चढावर निम्मं. रविवारी सकाळी आमच्या घरी कॉटवर प्लायवूड टाकून लढाई. आई चहा देताना म्हणायची, "लग्नाला आलेले घोडे, आणि फासे कसले खेळताय रे?" आम्ही मान वर करत नसू.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही आमची लढाई मांडली. सव्वादोनशे मावळे, खिंड, झाडं, सगळं. मुलं तर खुळावली. आणि मग मोठी माणसं आली. एक निवृत्त मास्तर खिशातून भिंग काढून म्हणाले, "पगडीचा पीळ उलटा आहे." एक कॉलेजकुमार म्हणाला, त्या काळी असा निळा रंग नव्हताच. एका बाईंना एकाही मावळ्याच्या पायाला चिखल दिसला नाही. अहो बाई, बोटभर माणूस, त्याचा पाय तांदळाच्या दाण्याएवढा, त्याला चिखल कुठे लावू? मास्तरांचं भिंग पुन्हा फिरलं आणि त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "हे कोरलंय कुणी? इतिहासाचं एखादं पुस्तक तरी उघडलंय का त्यांनी?" चार लोक हसले. मित्र खुर्चीमागे उभा होता. संध्याकाळी त्याने सगळे मावळे बिस्किटांच्या डब्यात भरले, घरी नेले आणि दोन महिने रविवारी फिरकला नाही.

माझं डोकं सणकलं. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली ही जात! स्वतः आयुष्यात साधी पतंगाची काडी तासली नाही आणि निघाले पगडीचे पीळ मोजायला. मी ठाकुर्लीला त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "मला करायला आवडतं. लोकांपुढे मांडायला नको. परत कोणी हसलं ना, तर मी पटाशीला हात लावणार नाही." हे तो रागाने नाही म्हणाला, म्हणून मी जास्त घाबरलो. तो थांबला असता तर माझी नियमांची वही काय चाटायची होती? आणि खरं सांगायचं तर रविवार त्याच्याशिवाय मला खायला उठायचा.

मी त्याला तिथल्या तिथे शब्द दिला. "तू फक्त बनव. बोलणाऱ्यांना मी बघतो. एकाचाही शब्द तुझ्यापर्यंत येणार नाही."

"नक्की?"

"अरे, नक्की म्हणजे नक्की!"

त्यानंतर त्याने गलबतं करायला घेतली. खाडीतली लढाई करायची, आपलं आरमार विरुद्ध फिरंगी, ही कल्पना त्याचीच. अठरा गलबतं केली. प्रत्येक वीतभर. शिडांना जुन्या धोतराचं कापड, खळ लावून असं कडक केलेलं की शीड खरंच वाऱ्याने फुगलंय असं वाटावं. डोलकाठीच्या टोकाला नखाएवढं कागदी निशाण, तेही सुईवर गुंडाळून लाट दिलेलं. माझ्या नियमांतही आता वारा आला. फासा टाकून वाऱ्याची दिशा ठरवायची, वाऱ्याबरोबर जाणारं गलबत आठ इंच, वाऱ्याविरुद्ध दोन.

पुढच्या दिवाळीतल्या प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी तो गलबतं माझ्याकडे घेऊन आला. मी एकेक हातात घेऊन बघितलं. काय सांगू, डोळे निवले. फक्त एक गोष्ट खटकली. निशाणं पुढच्या बाजूला उडत होती.

"अरे, हे काय?" मी म्हणालो. "गलबत पुढे चाललंय ना? मग निशाण मागे उडायला पाहिजे. स्कूटरला झेंडा लावला तर कुठे उडतो? मागे. मास्तर पहिलं हेच धरतील बघ."

त्याने एक निशाण बोटाने हलवून बघितलं. "बदलू?"

"बदलच."

त्याने बदलली. अठराच्या अठरा. डिंक एवढा घट्ट बसलेला की पाच-सहा डोलकाठ्या मोडल्या, त्या त्याने नव्याने तासल्या. मला वाटलं, बघा, मी किती लक्ष घालतो.

दुसऱ्या दिवाळीत हॉलच्या दारापासून टेबलापर्यंत मी वाघासारखा फिरत होतो. माझी एक युक्ती तयार होती. टेबलाशेजारी एक स्टूल, त्यावर ब्रश, रंगाची वाटी आणि एक कोरा मावळा. कोणी 'छान आहे हं' म्हटलं रे म्हटलं की मी स्टूल पुढे ओढायचो. "बसा ना काका. तुम्हाला माहितीये, तर करूनच दाखवा." दहांतले नऊ घड्याळ बघत सटकायचे. मास्तर आले, भिंग काढलं, स्टूल बघितलं आणि भिंग परत खिशात. एकाने तोफांची संख्या काढली, त्याला मी विचारलं, "तुम्ही मोजायला होतात का तिथे?" लोक हसले, पण या वेळी आमच्या बाजूने. मित्र मागे खुर्चीवर बसलेला, चक्क आरामात. दुपारपर्यंत मी सहा जणांना गार केलेलं.

मग एक म्हातारे कोळी आले. खाडीकाठच्या बाळकुमचे, बोलताना 'ड'चा 'र' करणारे. जवळच डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलेले, सोबत नात होती, तिने हट्टाने आत आणलेलं. त्यांनी हात मागे बांधले नाहीत की छान आहे म्हणाले नाहीत. टेबलाला एक पूर्ण फेरी मारली आणि मला विचारलं, "अरं, तुजा वारा कुठशी येतो?"

मी म्हटलं, "मागून. म्हणून तर शिडं पुढे फुगलीत, बाबा."

"मंग निशाण मागं कसं उरतं? दोन वारं हायेत का?"

आजूबाजूचे पुढे सरकले. मी थांबायला पाहिजे होतं. पण जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही. मी म्हणालो, "बाबा, आधी डोळे तपासून घ्या, मग निशाणं बघा." आणि स्टूल पुढे ओढलं.

म्हातारबाबा रागावले नाहीत. बसलेही नाहीत. हॉलच्या कोपऱ्यात टेबल फॅन फिरत होता. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याचं एक टोक नातीच्या हातात दिलं, एक स्वतःच्या हातात, आणि दोघं फॅनपुढे उभे राहिले. पंचा फॅनपासून लांब, पुढे फुगला. मग त्यांनी नातीच्या वेणीची रिबीन मोकळी केली आणि पंच्याच्या वर धरली. रिबीनही तिकडेच उडाली, पंचा फुगला त्याच बाजूला. "वारा मागशी आला तं होरीच्या म्होरं जातो," ते म्हणाले. "होरी त्याच्या मागं. निशाण वाऱ्याचं ऐकतं, होरीचं नाय."

सगळा हॉल हसला. मोकळं, मजेचं हसू होतं, पण माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ड्राफ्ट्समन मी, वाऱ्याचे नियम लिहिलेले मी, आणि माझ्या एकाही नियमात हे आलं नव्हतं. पण त्याहून मोठी धास्ती मागच्या खुर्चीची होती. हसलेच शेवटी लोक. आता हा डबे भरणार.

मी वळून बघितलं. मित्र उठून पुढे आलेला आणि त्याचा चेहरा उजळलेला. त्याने म्हातारबाबांना विचारलं, "खाडीवरच्या होड्या बघून मी आधी तशीच लावलेली, बाबा. बरोबर होती ना?"

"बरोबर व्हती. मंग बदलली कुनी?"

मित्राने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझंच चुकलं," तो म्हणाला, आणि एक गलबत उचलून म्हातारबाबांना शिडाच्या दोरीबद्दल काहीतरी विचारू लागला. दोघं खाली जमिनीवर बसले. आजोबा बोलत होते आणि हा, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा, एकामागून एक प्रश्न विचारत होता. मी स्टुलाला धरून उभा होतो. 'मी बदलायला लावलं' एवढं वाक्य माझ्याकडून निघालं नाही. सहा जणांना गार करणारा मी!

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा आला. गलबतं घेऊन आला, निशाणं सोडवायची होती. आम्ही दोघं ओल्या फडक्याने डिंक भिजवत बसलो. न राहवून मी म्हटलं, "तुला माहीत होतं, तर त्या दिवशी मला बोलला का नाहीस? सरळ म्हणायचं, तू गाढव आहेस."

त्याने हातातलं निशाण कागदावर वाळत ठेवलं.

"खुसपट काढणाऱ्यांना उत्तर द्यायचं काम तुझ्याकडे होतं," तो म्हणाला. "तूच काढलंस, तर मी कुणाला सांगणार?"