श्रॉपशायरचा बुरूज आणि नाहूरचा जिना

ऑफिसने मला तीन महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं, श्रॉपशायर काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच. गाव एवढंसं, संध्याकाळी पाचला बाजार बंद. मग शनिवारी करायचं काय, तर पडके किल्ले बघायचे. तिथे ते ढिगाने आहेत.

हा नाद बाबांचा. माझी शाळा कणकवलीला झाली, बाबा मुंबईत नोकरीला. मे महिन्यात गावी आले की मला कुठल्यातरी गडावर न्यायचे. आता आम्ही सगळे मुंबईत नाहूरला, तिसऱ्या मजल्यावर. दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता जिने चढायला लागा, नाहीतर गुडघा असाच आखडून बसेल. बाबा खुर्चीतून हलेनात. पडायची भीती वाटते हे कबूल करायचे नाहीत ते वेगळंच. आई फोनवर म्हणाली, तूच बघ काय ते.

म्हणून मी किल्ल्यांवरून व्हिडिओ कॉल करायला लागलो. तिथे कानाला लावायला एक यंत्र देतात, त्यात एक साहेब माहिती सांगतो. त्याची मी मालवणीत नक्कल करायचो. बाबा हसायचे, पण गडावर पहिलं पाणी शोधायचं हा त्यांचा नियम. ‘पाणी खंय आसा?’ मी विहीर दाखवली, तर म्हणे एवढ्याशा पाण्यावर हे काय वेढा झेलणार.

एका किल्ल्यात छप्पर नसलेली खोली होती. मी सांगितलं, हे यांचं देवघर होतं.

“मगे चपला काढ,” बाबा म्हणाले.

म्हटलं बूट आहेत, गवत ओलं आहे, देव तर कधीच सामान बांधून गेला.

“देव खंय जातलो? काढ.”

काढले. मोजे गच्च भिजले. तिथली देखरेख करणारी आजी धावत आली, पाय दुखावला का विचारत. नाहूरहून ऑर्डर आहे, हे तिला कसं सांगणार? गुपचूप धडधाकट अंगठ्याला पट्टी लावून घेतली.

मग बुरुजाचा जिना आला. बाबा म्हणाले, राहू दे, खालूनच दिसतंय सगळं. हे बाबा! माथ्याला हात लावल्याशिवाय मला कधी परत येऊ न देणारे. मी बाबांचाच आवाज काढला, “अर्ध्यातून फिरायचं होतं तर घरीच बसायचं.”

तिकडे आई फिसकन हसली. मी म्हटलं, तुम्ही एक मजला चढा, मग मी चढतो, तोवर इथेच बसतो.

“माका जमूचा नाय.”

मी ओल्या पायरीवर बसलो. पाच-सात मिनिटं स्क्रीनवर नुसता पंखा दिसत होता. मग फोन हलला, आईच्या हातात गेला, आणि कडी वाजली. बाबा कठडा धरून चौथ्या मजल्याकडे निघाले. दर पायरीला थांबत होते. वर पोचले आणि शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटावर बसले.

“माची झाली,” धापा टाकत म्हणाले. “माथो उद्या. आता तू चढ.”

चढलो. दुसऱ्याच वळणाला रेंज गेली. वर वारा आणि लांबवर मेंढ्या.

उतरायची गंमत आईने नंतर सांगितली. लिफ्ट नको म्हणाले. कड्यावरून उतरतात तसे तोंड पायऱ्यांकडे करून, उलटे उतरले. चौथ्या मजल्यावरचे सगळे बघायला दारात. आई आधाराला खाली उभी राहिली तर तिलाच ओरडले, बाजूला हो, वरून दगड सुटतो.