ठेवा म्हणाले आणि सब्बली आल्या

आमच्या गावच्या चर्चला लागून तीन उभ्या धोंड्यांवर एक अजस्र शिळा टेकलेली होती. कुणी म्हणे इतिहासाच्याही आधीची कबर, कुणी म्हणे नुसते दगड. तिच्याच बाजूला गोंडांनी आपल्या मेलेल्यांचे दगड उभे केलेले. सगळ्यांत नवा दगड एका बाईच्या पोराचा. पोरगा बांबूच्या ट्रकखाली गेला होता. दगड उभा आहे तोवर पोरगा आपल्यात आहे, असं ती मानायची. चर्चवाल्यांनी कधी हरकत घेतली नाही.

मी तेव्हा कॉलेज सोडून चळवळीची पत्रकं वाटत हिंडायचो. एक दिवस नागपूरकडून पुरातत्त्व खात्याची जीप आली. साहेबांनी शिळेवर थाप मारली आणि पानठेल्यावर जमलेल्या लोकांना सांगितलं, "हा फार मोठा ठेवा आहे. जपा." जीप गेली.

आमच्याकडे ठेवा म्हणजे पुरलेलं धन. दुसरा अर्थ साहेबांच्या पुस्तकात. मी घसा फोडून समजावत सुटलो, तर पानठेलेवाला म्हणतो, "तुले वाटा नाई भेटला म्हणून बोंबलून राह्यला का बे?"

रविवारी चर्चमध्ये गाणं चालू असताना लाकूड ठेकेदाराची माणसं आली. सब्बली, घण, सुरुंगाची दारू. चर्चचे पाळक आडवे गेले. एकाने सब्बल फिरवून त्यांचं तोंड फोडलं. बाई पोराच्या दगडाला मिठी मारून बसली.

"ऊठ बाई, सुरुंग लावून राह्यलो."

"लाव. उडव मलेही."

"काऊन? सोनं आहे का खाली?"

"माह्यं पोरगं आहे, मुर्दाडा!"

तिला केसांना धरून फरफटत नेलं. मी एकाच्या नरड्याला झोंबलो, तर चौघांनी मला लाथांनी तुडवलं. मग स्फोट झाला. शिळा उभी चिरली. एक चीप सणसणत आली आणि पोराचा दगड कमरेत तुटला.

खड्ड्यात काय निघालं? एक काळं-तांबडं मडकं आणि हाडं. "हाडं! साली हाडं!" म्हणत एकाने मडकं चर्चच्या भिंतीवर आपटलं, हाडं बुटाखाली चुरली. एवढा वेळ न दिसलेले पोलीस तेवढ्यात उगवले आणि त्यांनी धरलं कुणाला? मला! दंगा केला म्हणून. फोडणारे पानठेल्यावर चहा पीत होते.

पोलिसांच्या जीपच्या जाळीतून मला दिसत होतं. डोकं फुटलेली बाई दगडाचा वरचा तुकडा उराशी धरून उभी होती. तोंडाला रुमाल दाबलेले पाळक जवळ आले. "चर्चच्या आत ठेवा, बाई. कुणी हात लावणार नाही."

बाई त्यांच्या अंगावर धावली. "ठेवा नोका म्हणू, भाऊ! त्याच शब्दानं मारलं माह्या पोराले. ठेवाचा नाई, उभा कराचा आहे."

पाळकांनी रुमाल खिशात कोंबला. चोरांनी टाकून दिलेली सब्बल उचलली आणि तिने पायाने दाखवलेल्या जागी खणायला लागले. त्यांच्या तोंडातलं रक्त त्या खड्ड्यात गळत होतं.