शनिवारची तोड

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मधेमधे सांगायला नको. सांगलीला राहून इतिहासात बी.ए. केलं. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, पण ते कुणी विचारल्याशिवाय मी सांगत नाही.

निकाल लागल्यापासून नोकरी लागेपर्यंतचं एक वर्ष मी गावी काढलं. गाव उंब्रजपासून आत. गावात आम्ही ख्रिस्ती अकरा घरं आणि एक पत्र्याचं चर्च. पाळकसाहेब एक रविवार सोडून एक मोटरसायकलवरून येत. ते नसतील त्या रविवारी उपासना आमचे वडील चालवत, कारण ते मंडळीचे पंच होते. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णा सातवी पास. एकदा बोललेला शब्द फिरवायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पंचकी मिळवली आणि टिकवली.

त्या वर्षी आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि चार दिवस आमच्याकडे राहायला आले. शेवटच्या पोस्टिंगवर त्यांची रविवार न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांशी ओळख झाली होती. दहा आज्ञांतली चौथी आज्ञा सातव्या दिवसाची. त्या दिवशी कुणीच काम करायचं नाही, त्याला शब्बाथ म्हणायचं. सातवा दिवस म्हणजे शनिवार; यहूदी अजून तोच पाळतात. मग आपण रविवारी कुठल्या हिशेबानं चर्चला जातो, हा आतोबांचा सवाल होता.

"दाजी, आमच्या आज्यापास्नं ऐतवारच हाय," आण्णा म्हणाले.

"आज्यानं आर्डर काढली व्हती का? पाव्हणं, हुकूम धा हायत. नऊ पाळायचं आन् चौथ्याला सलाम ठोकून फुडं जायचं, ह्ये आमच्यात चालत न्हाई. डायरेक कोर्ट मार्शल."

आण्णांनी दोन दिवस विचार केला. ते विचार करतात तेव्हा जेवताना बोलत नाहीत. एरवीही फारसं बोलत नाहीत, त्यामुळं आम्हाला फरक कळला नाही. त्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश संपल्याबरोबर आण्णा उभे राहिले, उजवा हात वर केला आणि म्हणाले, "आजपास्नं माझं घर शनवार पाळंल. माझ्या रानात शनवारी कामाची काडी हलनार न्हाई."

पाळकसाहेब शांत माणूस. ते म्हणाले, "पंच, आपण यहूदी नाही. यरुशलेमात प्रेषितांची बैठक बसली होती ती ह्याच प्रश्नावर. जे यहूदी नाहीत, त्या परराष्ट्रीयांनी काय काय पाळायचं? बैठकीनं चार गोष्टी लिहून कळवल्या. त्यात शब्बाथ नाही."

"चौथी आज्ञा खोडली, आसं लिवलंय का त्यात?"

"तसं नाही."

"मंग ऱ्हायली म्हनायची," असं म्हणून आण्णा खाली बसले.

पण पाळकसाहेबांचा अपमान नको म्हणून त्यांनी रविवारही सोडला नाही. आणि आमच्या गावात सोमवारी कुणी बैल जुंपत नाही. सोमवार नंदीचा. आम्हाला नंदीचं काही देणंघेणं नाही, पण बैल गावचेच, शिवारही गावचं. आजोबांनीही सोमवारी कधी औत धरलं नव्हतं. तेव्हा शनिवार शास्त्राचा, रविवार मंडळीचा, सोमवार बैलांचा, असे आमच्या आठवड्यात कामाचे चार वार उरले. असं वेळापत्रक यहूद्यांनाही जमलं नसावं.

आईनं एवढंच विचारलं, "आवं, तीन दिस तुमचा इसावा. मंग तीन दिसाचा सैपाक कोन करनार?"

आतोबा म्हणाले, "वयनी, शनवारचं शुक्कीरवारीच करून ठिवायचं."

"भावजी, शुक्कीरवारची भाकरी शनवारी सांजला तुमी खावा. मी बघत बसती. त्यो माझा इसावा."

आतोबा दुसऱ्या दिवशी सांगलीला परतले. पुढची मार्गदर्शनं फोनवरून सुरू झाली.

ही झाली दिवाळीनंतरची गोष्ट. फेब्रुवारीपर्यंत सगळं बिनबोभाट चाललं. मग आमच्या उसाची तोड आली.

आमचा ऊस एक एकर. वर्षाचं सगळं त्याच्यावर. तो आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, त्याला तुरे येऊन महिना झाला होता. तुरा आलेला ऊस उभा राहिला तर आतून पोकळ पडत जातो. आणि तोड आपल्या मनावर नसते. साखर कारखान्याचा माणूस कळवेल त्या दिवशी ऊसतोड मजुरांची टोळी रानात घ्यायची. नाही म्हटलं की नंबर शेवटी जातो, म्हणजे एप्रिल, म्हणजे चिपाडं. त्या कारखान्याच्या माणसाला आमच्याकडं चिटबॉय म्हणतात. आमचा चिटबॉय पन्नाशीचा होता, त्याला दोन नाती होत्या. शुक्रवारी दुपारी तो गाडी स्टँडला लावून आमच्या ओट्यावर बसला.

"उद्या सकाळी टोळी येतीया. बांधावरचं काटं काढून ठिवा."

"उद्या नगं," आण्णा म्हणाले.

"का? सुतक हाय?"

"शनवार हाय."

चिटबॉयनं माझ्याकडं बघितलं. मी पदवीधर असल्यानं गावातले लोक अशा वेळी माझ्याकडं बघत. मी पायाखालची फरशी बघितली.

"तुमचा ऐतवार आस्तोय न्हवं?"

"त्योबी आस्तोय."

"मंग सोमवारी धाडतो."

"सोमवारी बैलांचा वार."

"आवं पंच, मी काय मंगळवारपातूर टोळी डोक्यावर घिऊन हिंडू? मानदेशातली मानसं हायती, आठ गाड्या हायत. कारखाना वार बघून ऊस खातुय व्हय?" तो उठला. "सकाळी टोळी तुमच्या बांधावर यील. घ्याची तर घ्या, न्हाईतर मी शेजारच्या फडात घालतो. मंग एप्रिलमदी मला फोन करू नगा."

तो गेला. आईनं कोयत्यांना धार लावायचा दगड ओट्यावर आणून ठेवला आणि आत निघून गेली.

आण्णांनी सांगलीला फोन लावला. आतोबांचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो. "पाव्हणं, सोप्पं हाय. तुमी रानात जाऊ नगा. हात लावू नगा. टोळी तोडंल. ती मानसं आपल्यातली न्हाईत, परराष्ट्रीय हायत. त्यांच्यावर हुकूम लागू न्हाई."

आण्णांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. "पोरी, तू बी.ए. हायस. बैठकीत काय ठरलं, आज्ञेत काय हाय, समदं नीट वाच आन् दिवेलागणीपातूर मला सांग."

त्यांनी मला असं काही विचारण्याची ती पहिली वेळ. मी वही काढली. समास आखला. तीन तास बसून पंधरा मार्कांचं उत्तर तयार केलं आणि त्यांना वाचून दाखवलं. बैठकीनं परराष्ट्रीयांवर जास्तीचं ओझं घातलं नाही, हे खरं. पण त्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं की गावोगावी दर शब्बाथाला नियमशास्त्र वाचलं जातंच. त्याचा अर्थ एक पक्ष असा करतो की बाकीचं ते तिथं ऐकून शिकतील, दुसरा पक्ष म्हणतो की तसं काही नाही. तंबू शिवून पोट भरणारा एक प्रेषित मंडळीला धाडलेल्या पत्रात लिहितो की कुणी एक दिवस मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाशी पक्कं करावं. पण तो स्वतः मात्र शब्बाथाला यहूद्यांच्या सभास्थानात जातच होता. अशा प्रकारे या प्रश्नाला दोन बाजू आहेत.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "आन् उत्तर?"

"हेच उत्तर."

"ह्ये उत्तर हाय? ह्येच्यावर मार्कं देत्यात?"

मला राग आला. पहिला वर्ग का हुकला, तेही त्याच क्षणी कळलं असावं, पण तो विषय वेगळा. मी वही मिटली. "मग दोन गोष्टी सरळ सांगते. एक. आतोबा म्हणतात ती पळवाट आज्ञेतच बंद केलीय. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, गडी, मोलकरीण, बैल, आणि तुझ्या वेशीत आलेला परका, सगळ्यांनी थांबायचं असं आहे. टोळी त्यात येते. तिचे बैलसुद्धा येतात."

"आन् दुसरी?"

"परराष्ट्रीय म्हणजे टोळी नाही. परराष्ट्रीय म्हणजे यहूदी सोडून सगळे. म्हणजे आपण."

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. या वेळी आम्हाला फरक कळला. मी लहानपणापासून उपासनेत त्यांच्या तोंडून प्रेषितांची ती पत्रं ऐकलेली. त्यात परराष्ट्रीय हा शब्द आला की त्यांची मान थोडीशी खिडकीकडं, म्हणजे गावाकडं, वळायची. अकरा घरांची मान तशीच वळायची. माझीही. त्या वाड्यावस्त्यांवरचे लोक आणि आम्ही एकाच रांगेत उभे होतो आणि पत्र आम्हा सगळ्यांच्या नावानं आलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हंजे," आण्णा शेवटी म्हणाले, "उद्या मी पांढरी कापडं घालून घरात बसायचं, आन् परक्याच्या बायका माझ्या उसात वाकायच्या. ह्येला दाजी इसावा म्हंत्यात. ह्यो इसावा न्हवं. ही पाटीलकी झाली."

"मग टोळी परत पाठवायची?"

"ती शेजारच्या फडात घुसंल. तितंबी वाकायचंच हाय त्यांना. आन् आपला ऊस वाळायचा." ते उठले, दगड घेतला आणि कोयत्याला धार लावायला बसले. शुक्रवारचा सूर्य मावळायच्या आत लावून झाली. शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो; ते बघूनच त्यांनी वेळ धरली होती.

शनिवारी सकाळी टोळी आली. आठ गाड्या, नवराबायकोच्या आठ जोड्या, सोळा बैल. त्यांच्यातलाच एक मुकादम, कपाळाला भंडारा लावलेला, धनगर माणूस. आण्णा कोयता घेऊन बांधावर उभे होते. आणि आण्णा माणूस कसा, तर त्यांनी मुकादमाला आधी आपली अडचण सांगितली: आज शनिवार, आमच्यात आज काम करत नाहीत, मी हात वर करून बोललोय, आणि आज मी तो शब्द मोडणार आहे.

मुकादमानं तंबाखू मळता मळता ऐकलं. "आमचाबी वार आस्तोय. ऐतवार, खंडोबाचा. भंडारा लावतो आन् उसात शिरतो. तुमी कशापायी तोडताय? तुमी बसा की बांधावर, मालक."

"तुमाला बसवता येत न्हाई म्हनून," आण्णा म्हणाले, आणि पहिल्या सरीत शिरले.

मीही शिरले. पदवी घेऊन ऊस तोडणारी मी गावातली पहिली होते, हेही नोंदवून ठेवते. दुपारपर्यंत पाचटानं माझे हात इतके कापले की पेन धरता आलं नसतं. मुकादमाची बायको माझ्या मोळ्या बघून म्हणाली, "साळंत मोळी बांधायला शिकवत न्हाईत व्हय गं?" आणि प्रत्येक मोळी सोडून पुन्हा बांधत गेली.

रविवारी दहा वाजता आण्णा कोयता बांधाला टेकवून उपासनेला आले. तोंडावर पाचटाचे ओरखडे. पाळकसाहेबांचा रविवार होता. आण्णा उभे राहिले. हात वर केला नाही.

"मी शनवार पाळीन म्हनालो व्हतो. काल मी उसात व्हतो. माझा शब्द मोडला. दुसरा पंच बगा."

पाळकसाहेबांच्या तोंडावर समाधान पसरलेलं मला दिसलं. ते मायेनं म्हणाले, "पंच, प्रभूच्या दिवशी परत आलात, हेच खूप झालं. आता आज विश्रांती घ्या."

"आज न्हाई जमायचं. निम्मा फड ऱ्हायलाय. उपासना झाली की मी जानार. टोळी थांबल्याबिगर मला थांबता येत न्हाई."

दुसरा पंच कुणी व्हायला तयार झालं नाही. म्हणून आण्णाच राहिले. राजीनामा मंजूर झाला की नाही, याची नोंद मंडळीच्या वहीत नाही. मी नंतर तपासली.

सोमवारी टोळीचे बैल गाड्या ओढत होते, आमचे दोन गोठ्यात रवंथ करत होते. आण्णांना ते बघवेना, म्हणून त्यांनी गोठ्याचं दार ओढून घेतलं. संध्याकाळी शेवटची गाडी गेली. एकर मोकळा झाला.

मंगळवारी टोळी पुढच्या फडात जायची होती. सकाळी चिटबॉयचा फोन आला, कारखान्यात काहीतरी मोडलंय, गाळप बंद, पुढची चिठ्ठी येईपर्यंत जागचं हलू नका. मुकादमानं मोबाईल खिशात टाकला आणि इकडंतिकडं बघितलं. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. दसरा झाल्यापासून त्यांना सुट्टी नव्हती.

मग त्यांनी बैल सोडले. आण्णांनीही आमची जोडी बाहेर काढली आणि त्यांच्यात नेऊन बांधली. पुरुष मोकळ्या रानात पाचटावर आडवे झाले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. टोळीतल्या बायकांनी आमच्या नळावर न्हाऊन घेतलं. दुपारी आई भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन रानात आली. मुकादमाच्या बायकोनं ती पाटी उतरवून घेतली, तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "आता उटायचं न्हाई, आक्का. चार जनी हाईत आमी वाढायला." आई बसली. दिवस कलेपर्यंत ती खरंच उठली नाही. आण्णा तिच्यापासून हातभर अंतरावर, टोपी तोंडावर घेऊन झोपले होते. मी त्यांना दिवसा झोपलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चारच्या सुमाराला आतोबांचा फोन आला. आण्णांनी पडल्या पडल्याच उचलला.

"काय पाव्हणं, शब्बाथ पाळला का न्हाई?"

"पाळतोय की. आत्ता चाललाय."

"आत्ता? आवं, आज मंगळवार!"

"व्हय."

"कोनकोन हाय?"

आण्णा कोपरावर उठले आणि रानभर नजर फिरवली. "मानसं एकोनीस," ते म्हणाले. "बैलं धरून सदतीस."