पुढचा खांदा

भागूबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो. नीट जमेल की नाही ठाऊक नाही.

लेण्याद्रीच्या तीनशे पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत त्यांना डोलीत बसवून गणपतीपर्यंत न्यायचं, हे आमचं काम. एक लांब दांडा, त्याला दोरांनी टांगलेली लाकडी बैठक, पुढे एक माणूस आणि मागे एक. भागू पुढे, मी मागे. असे आम्ही चौदा वर्षं चाललो. चालताना बोलणं नसायचं, दम पुरत नाही. पण खांद्यावरच्या दांड्यातून दुसऱ्याचं बरंच कळतं. तो कुठल्या पायरीवर श्वास घेतो, कुठे सावरतो, सकाळी घरी भांडून आलाय का, तेसुद्धा.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो दांडा मला वेगळा लागू लागला. वळणावर किंचित डावीकडे ओढला जायचा आणि परत सरळ व्हायचा. चार दिवस वाट पाहून मी विचारलं.

"डोंगूर फिरतोय गेणभाऊ," तो म्हणाला. "गपकन येतं आन् जातं."

मांड्यांत बळ राहिलं नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं, हेही त्याने सांगितलं. उन्हातलं काम, घामावाटे अंगातलं मीठ जातं आणि बीपी लो होतं, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पायथ्याशी सखूबाईची लिंबू सरबताची गाडी होती. मी तिला सांगून ठेवलं की भागूच्या पेल्यात साखर नको, मीठ दोन चिमटी जास्त टाक. प्रत्येक खेपेआधी मी स्वतः तो पेला त्याच्या हातात द्यायचो. तो तोंड वाकडं करायचा.

"पी मुकाट्यानं," सखूबाई म्हणायची. "गणपतीला आन् गेणभाऊला न्हाई म्हनू नाय."

घरी कोंडाबाई, त्याची बायको, ताकात मीठ घालून द्यायची. तेही मीच तिला सांगितलं होतं. काही जण म्हणत, भागू सकाळीच दारू पिऊन येतो. तो घेत नव्हता.

जवळजवळ दोन वर्षं असं चाललं.

नव्याण्णवच्या माघात जत्रेची गर्दी होती. डोलीत ओतूरकडची चिमाबाई नावाची म्हातारी होती आणि आम्ही उतरत होतो. उतरताना सगळा भार पुढच्या माणसावर येतो. मधल्या वळणावर भागूचे गुडघे गेले. दांडा माझ्या खांद्यावरून आडवा फिरला आणि म्हातारी कठड्यावर आदळली. बांगड्या फुटून मनगटाला लागलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, मला हितंच ठेव." तिच्या मुलाने तिला पाठुंगळीला घेऊन खाली नेलं. रिकामी डोली घेऊन आम्ही मागून उतरलो.

जुन्नरच्या डॉक्टरांनी पट्टा बांधून दाब मोजला, मग दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा मोजला. वरचा दोनशे दहा, खालचा एकशे तीस. बीपी लो नव्हतंच, बहुधा कधीच नव्हतं. एका गोळीच्या तीन झाल्या तरी ते उतरेना. रक्तात पोटॅशियम फार कमी निघालं, तेव्हा त्यांनी पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दिली. मी बरोबर गेलो.

तिथे बऱ्याच तपासण्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. भागूच्या डाव्या ग्रंथीत हरभऱ्याएवढी गाठ झाली होती आणि ती आल्डोस्टेरॉन नावाचा रस नको तेवढा रक्तात सोडत होती. त्याने शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. मग दाब चढतो, पाय गळतात, चक्कर येते. मीठ खाल्लं की हे सगळं आणखी वाढतं.

"मीठ किती खाता?" बाईंनी विचारलं.

भागूने माझ्याकडे पाहिलं नाही. "बेताचंच," तो म्हणाला.

मी सांगायला हवं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिलो.

भागूने त्यांना एकच विचारलं, पुन्हा दांडा उचलता येईल का. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी येईल, असं त्या म्हणाल्या. चित्राचा तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

गाठ काढली. पोटॅशियम जागेवर आलं, दाब एका लहान गोळीवर राहिला. चक्कर गेली. त्या सहा महिन्यांत माझा मेव्हणा सुनील पुढच्या खांद्याला आला होता. कार्तिकात भागू पायथ्याशी आला. दवाखान्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. एका रिकाम्या डोलीचा दांडा एकट्याने खांद्यावर घेऊन तो वरपर्यंत गेला आणि उतरून माझ्यासमोर उभा राहिला. धापसुद्धा लागली नव्हती.

"उद्यापासून येऊ का, गेणभाऊ?"

मला कठड्याजवळची म्हातारी दिसत होती. डॉक्टर बरोबर असतील, पण माझा खांदा ऐकत नव्हता. मी म्हणालो, "सुनीलचा हात बसलाय आता."

"बरं," तो म्हणाला.

त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. दुसऱ्या कोणी त्याला घेतलं नाही. ज्याने चौदा वर्षं बरोबर काढली तोच घेत नाही, म्हटल्यावर कोण घेणार? तो सखूबाईच्या गाडीशेजारी बसून माकडं हाकायच्या काठ्या भाड्याने देऊ लागला. आमची डोली उतरली की तो माणसांकडे नाही, दांड्याकडे बघायचा.

एकदा आम्ही खाली टेकलो तेव्हा त्याने सुनीलला जवळ बोलावलं. मी घाम पुसत होतो, मला ऐकू येत होतं.

"उतरताना दर पायरीला जरा थांबत जा," भागू त्याला म्हणाला. "गेणभाऊचा उजवा गुडघा धरतो. मी लई वर्सं थांबायचो. त्यो सांगायचा न्हाई."

माझ्या गुडघ्याविषयी मी कोणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा.

त्या दिवसापासून सुनील थांबून उतरू लागला. मी आणखी पाच वर्षं दांडा उचलला.