कार्बन बसेपर्यंत

मला धीर नाही, हे आधीच सांगून टाकते. चहा नीट उकळायच्या आत गाळून घेणारी बाई आहे मी. बीदरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, जनवाड्यात अप्पांजवळ राहते आणि सुट्टीच्या दिवशी थर्मोकोलची विमानं करून तूर निघालेल्या रानात उडवते. चाळिशीला टेकलेल्या बाईचे हे धंदे बघून गाव हसायचं तेवढं हसून झालंय. आमच्या डोक्यावर हवाई दलाची खरीखुरी शिकाऊ विमानं रोज घिरट्या घालतात, त्यामुळे माझ्या विमानाकडं आता कुत्रंसुद्धा मान वर करून बघत नाही.

हल्ली सगळे ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेल्या, मोटारी वापरतात. मी जुन्या पद्धतीच्या, कार्बनवाल्या मागवते, कारण त्यांच्या पोटात काय असतं ते मला कळतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, जन्मभर मोटारी भरत आले. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची. विहिरीवरची असो की पिठाच्या गिरणीची. दुकान बंद करून काही वर्षं झाली, पण हत्यारं अजून पडवीत मांडलेली आहेत.

अशा मोटारीत तांब्याच्या पट्ट्यांची एक गोल नळी फिरते, कॉम्युटेटर म्हणतात तिला. दोन बाजूंनी कार्बनचे दोन तुकडे तिला टेकलेले असतात आणि त्यांच्यातून वीज आत जाते. नवी मोटार असली की कार्बनचं तोंड नळीला नीट लागत नाही, जेमतेम एका टोकाला टेकतं. थोड्याशा विजेवर, पंखा न लावता ती तासभर फिरू दिली की कार्बन झिजत झिजत नळीच्या घेराचा होतो. मग खुशाल विमानाला लावा. एवढंच शास्त्र आहे, पण त्याला तास लागतो आणि मी उतावळी.

पहिली मोटार मी पार्सल फोडल्या फोडल्या मोठ्या बॅटरीला जोडली. आत निळ्या ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला आणि नळी काळी पडली. अप्पा पडवीतून बघत होते.

"नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपायलीस व्हय?" ते म्हणाले. "कामून घाई करायलीस एवढी?"

दुसऱ्या मोटारीच्या वेळी त्यांनी मला हात लावू दिला नाही. टॉर्चचा एकच सेल जोडला, मोटार फळीवर ठेवली, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक तिच्या अंगाला टेकवलं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले. मोटारीचं पोट ते असंच ऐकायचे. मी दर दहा मिनिटांनी विचारायची, "बसला का कार्बन?" ते म्हणायचे, "न्हाई अजून. खरखरतंय." शेवटी एकदा पेचकस खाली ठेवून म्हणाले, "बसला." ती मोटार वर्षभर चालली. आई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी जेवणापुरतंच बोलत होतो. तो तास मला फार आवडला होता.

तिसरी मोटार आली ती यंदाच्या उन्हाळ्यात. मध्यंतरी मी कुठंतरी वाचलं होतं की मोटार पाण्यात बुडवून फिरवली तर पाच-दहा मिनिटांत काम होतं. झिजलेला कार्बन पाण्यात उतरतो, पाणी राखाडी होतं. मग मोटार वाळवायची, तेलाचा थेंब सोडायचा, झालं. माझ्या स्वभावाला मानवणारीच रीत. स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, मोटार सोडली, दोन सेल जोडले. अप्पा खाटेवर पडले होते. तेवढ्यात शेजारच्या अक्कांनी हाक मारली म्हणून मी गेले आणि त्यांच्या दारात जरा जास्तच वेळ बोलत उभी राहिले.

परत आले तर ग्लासात मोटार नव्हती. अप्पा जुन्या पत्र्याच्या पेटीपुढं बसले होते. त्या पेटीत मोठा बल्ब लावून ते पूर्वी ओल्या मोटारी वाळवत. पेटीत माझी मोटार होती, बाजूला वार्निशचा डबा उघडा होता आणि त्यांची बोटं तपकिरी झाली होती.

"हिरीत पडलती," ते म्हणाले. "वार्निश पाजून वाळवायलोय."

बुडालेल्या मोटारीचं ते असंच करायचे, पण वार्निश फक्त तारेच्या वेढ्यांना. कॉम्युटेटरला वार्निशचा थेंब लागला तरी वीज अडते, मोटार मरते. यांनी तर अख्खी मोटार डब्यात बुचकळून काढली होती.

"अप्पा, कॉम्युटेटरला वार्निश? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" मी ओरडले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "येत न्हाई तर हात कामून लावता?" असंही म्हणाले. ज्या माणसाच्या हाताखाली तालुक्यातले निम्मे कारागीर तयार झाले, त्याला म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, बोटं धोतराला पुसली आणि खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी मी थिनरनं ती मोटार धूत बसले. राग अजून होताच. धुता धुता आठवलं की दहा वर्षांची असताना माझ्याच हातून कॉम्युटेटरवर वार्निश सांडलं होतं आणि अप्पांनी आयुष्यात एकदाच मला चापट मारली होती, ती तेव्हा. हे न कळणारे ते नव्हतेच. मग बाकीचंही आठवत गेलं. बसस्टँडवरून घरी येताना ते दोनदा चुकले होते, मी चेष्टा केली होती. जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागितलं, तर मी म्हणाले होते, उन्हाळ्यात भूक वाढली वाटतं. माझे हात थांबले. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

बीदरच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि बाहेर मला एकटीला बोलावून सांगितलं की हे विसरणं वाढतच जाणार. कार्बन एका बाजूनं झिजतो तो नळीला बसावा म्हणून. यांचं नुसतंच झिजत होतं.

मी चौथी मोटार मागवली. ग्लास नाही, पाणी नाही. फळी, एक सेल आणि पेचकस त्यांच्यापुढं ठेवला. विमान उडो न उडो, मला एवढंच बघायचं होतं की यांचा कान अजून शाबूत आहे का.

त्यांनी पेचकस हाडाला लावला, डोळे मिटले. मी एकदाही विचारलं नाही. मला ती खरखर हळूहळू मऊ होताना ऐकू येत होती. माझ्या अंदाजानं कार्बन बसला होता, तरी अप्पा हलले नाहीत. मी घड्याळाकडं बघितलं नाही. आणखी बराच वेळ गेला, आवाज अगदी एकसारखा झाला आणि त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"बसला," ते म्हणाले.

मला हसू आलं, रडूही आलं. अंदाज माझा चुकला होता, त्यांचा नाही.

मग त्यांनी सेल काढला, मोटार जुन्या पेपरात गुंडाळली, दोरा बांधला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"घ्या बाई," ते म्हणाले. "दोन दिस पाणी जरा कमीच काढा. काय झालं तर घेऊन या, मी हाय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. काम चांगलं झाल्याचं समाधान मात्र होतं, आणि ते मला मोडवेना.

"बरं," मी म्हणाले, आणि मोटार घेतली. ते वाट बघत राहिले. गिऱ्हाईक माल घेऊन निघून जातं, म्हणून मी चपला घातल्या आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. किती वेळानं आत गेले तर मी त्यांची मुलगी असेन, ते मला कळत नव्हतं.