झबल्याचा कोपरा

मास्तरांना पेन्सिल जिभेला लावायची सवय होती. दर शब्दाला आधी टोक चाटायचं, मग चौकोनात अक्षर गिरवायचं. त्या ओल्या टोकाची तिला किळस यायची. पण करते काय, शब्दकोडी रचणारा ओळखीतला माणूस तो एकच. वीस वर्षं तिनं नुसती कोडी सोडवली होती, रचलं एकही नव्हतं. आता साप्ताहिकात दोघांच्या नावानं कोडं येणार होतं. आजवर तिचं नाव लागलं ते कारखान्याच्या हजेरीपटावर, त्यामुळे चाटेना का मेला पेन्सिल, असं म्हणून ती दर रविवारी त्यांच्या टेबलाशी नाक मुठीत धरून बसायची.

कारखाना तान्ह्या मुलांच्या कपड्यांचा. ती तिथं कापड बेतायची. म्हणून उजव्या कोपऱ्यात तिनं हट्टानं 'झबलं' घातलं, उभं. "हा काय शब्द झाला?" म्हणून मास्तरांनी नाक मुरडलं, पण ठेवला. तिसऱ्या रविवारी नेमका तोच कोपरा अडला. आडवा दोन अक्षरी शब्द हवा होता, शेवटी 'झ'. मास्तरांनी पेन्सिल चाटली आणि लिहिलं, 'वांझ'.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हा शब्द तिनं जावेच्या तोंडून ऐकला होता, शेजारणीच्याही, आणि एकदा बंद दाराआडून सासूच्या.

"हा नको, मास्तर."

"अगं, कोशात आहे. आणि तुझ्या झबल्यानंच आणलाय. झबलं काढ, हाही जाईल. पण मग अख्खी उजवी बाजू नव्यानं रचायची, आणि कोडं तर उद्या पाठवायचंय."

काढा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या पाठवायचं होतं, वर नाव छापून येणार होतं.

"निदान संकेत तरी झाडाचा द्या. 'फळ न धरणारं झाड.'"

"बरं बाई, झाड तर झाड." मास्तरांनी तिच्या देखत तसं लिहून घेतलं.

अंक आला. नवऱ्यानं कौतुकानं तीन प्रती आणल्या. तिनं आधी आपलं नाव दोनदा वाचलं, मग आडव्या शब्दांवर आली. 'मूल न होणारी बाई (२)'.

तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"मीच बदललं," मास्तर चहाचे भुरके मारत म्हणाले. "झाड कुणाच्या डोक्यात आलं असतं? वाचकाला चटकन कळायला हवं. शिकशील हळूहळू."

तिनं फोन ठेवला आणि हात साबणानं धुतला. मास्तरांची किळस आली होतीच, त्याहून जास्त स्वतःची आली. एका नावासाठी आपण हा शब्द स्वतःच्या हातानं घरात आणला.

बाहेर सासूबाई चष्मा लावून अंक घेऊन बसल्या होत्या. जन्मात कोडं न सोडवलेली बाई, पण सुनेचं म्हणून हौसेनं पेन घेऊन बसलेली. सगळे चौकोन कोरे होते, उजवीकडचे दोन सोडून.

"बाकी काही सुधरेना बाई मला. हा एक मात्र बघताक्षणी आला," सासूबाई अंक तिच्यापुढे धरत म्हणाल्या. "बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली.